मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी

संत मार्कलिखित शुभवर्तमानात बेथसैदा येथील आंधळ्याचा प्रसंग आहे. प्रभू येशूच्या पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे दिसली, पण ती चालत्या झाडांसारखी. पुन्हा हात ठेवल्यावर सारे स्पष्ट झाले. दिसणे आणि दिसलेले ओळखणे यांत अंतर आहे. वैद्यकशास्त्राला व शिक्षणशास्त्राला हे अंतर उमगण्यास फार काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत अनेक बालकांना मोजावी लागली.

फ्रान्समधील नाँत शहराजवळच्या व्हर्तू गावी १८८५ साली मारी अर्तँ ही मुलगी जन्मली. ती जन्मतः आंधळी व बहिरी होती. बहिऱ्यांच्या शाळेने ती आंधळी म्हणून नाकारली, आंधळ्यांच्या शाळेने ती बहिरी म्हणून. वेड्यांच्या इस्पितळातच तिची जागा, असे जाणत्यांचे मत पडले. १८९५ च्या मार्च महिन्यात तिच्या वडिलांनी तिला प्वातिए शहराजवळील लार्ने येथे आणले. तेथे संत लुई मारी द मोंफोर्त यांनी स्थापिलेल्या ‘डॉटर्स ऑफ विज्डम’ संघाच्या धर्मभगिनी मूकबधिर मुलींना शिकवीत असत. दहा वर्षांची ही मुलगी किंचाळे, जमिनीवर लोळे, कोणालाही आवरेना.

सिस्टर सेंट मार्गरीत यांनी एक गोष्ट हेरली. घरून आणलेला एक लहानसा चाकू मारीला फार प्रिय होता. सिस्टरनी तो काढून घेतला, तिचे हात धरून चाकूची खूण करविली आणि चाकू परत दिला. असे पुनःपुन्हा केल्यावर एके दिवशी मारीने ती खूण आपणहून केली. वस्तूला नाव असते, हे तिला समजले होते. पुढे ती ब्रेल लिपी शिकली, प्रार्थना शिकली. प्राध्यापक लुई आर्नूल यांनी १९०० साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. सिस्टर १९१० साली आणि मारी १९२१ साली निवर्तल्या. मारीला बुद्धी पहिल्यापासूनच होती. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र कोणी शोधली नव्हती. अशीच वाट आपल्या मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू करून अंधबधिर मुलांसाठी खुली केली.

मारीचे अंधत्व उघड होते. अनेक बालकांचा दृष्टिदोष मात्र दुसऱ्या व्यंगाआड दडलेला असतो. पहिल्या महायुद्धात मेंदूच्या मागील भागास जखम झालेले सैनिक तपासून डॉ. जॉर्ज रिडक यांनी १९१७ साली दाखवून दिले, की स्थिर वस्तू न दिसणाऱ्या काही रुग्णांना हलणारी वस्तू जाणवते. डोळा निर्दोष असूनही मेंदूतील दोषामुळे दृष्टी अधू होऊ शकते, हे बालकांच्या बाबतीत रुजण्यास आणखी कित्येक दशके गेली. अपुऱ्या दिवसांची किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडलेली बालके वैद्यकीय प्रगतीमुळे वाचू लागली, तसा हा दोष अधिक आढळू लागला. ‘डोळे ठीक आहेत’ असे डॉक्टर म्हणत. ‘पण तो माझ्याकडे पाहत नाही’ असे आई म्हणे. दोघेही खरे बोलत होते.

जे मूल बोलत नाही, अक्षरे ओळखत नाही, त्याची नजर तपासावी कशी? फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ डॉ. लेआ हुवारिनेन यांनी १९७६ साली सफरचंद, घर, वर्तुळ व चौकोन अशा चार चित्रांची चाचणी तयार केली. मुलाने तसेच चित्र बोटाने दाखविले तरी पुरते. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक बालकांना जवळच्या वस्तूवर नजर स्थिरावणे कठीण जाते, व दुहेरी भिंगाच्या चष्म्याने त्यांपैकी बऱ्याच जणांचा अभ्यास सुकर होतो, हेही आता ज्ञात आहे.

या इतिहासातून आपल्या कुटुंबांनी घ्यावयाचे ते साधेच आहे. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक बालकाची नेत्रतपासणी लहानपणीच करावी. मेंदूतील दोषामुळे नीट न दिसणाऱ्या मुलापुढे साध्या, एकरंगी कापडावर एका वेळी एकच ठळक रंगाची वस्तू ठेवावी. ती हळूच हलवावी, हाताने चाचपू द्यावी, आणि उत्तरासाठी थांबावे. ते पाहता पाहता नजर वळवून हात पुढे करते, तेव्हा त्याला हट्टी म्हणू नये. कित्येकदा त्याची पाहण्याची रीतच ती असते. लार्नेच्या मठात सिस्टरनी मुलीला बोल लावण्याऐवजी तिच्या हातात काय आहे ते आधी पाहिले होते.