हाशिम खान : एका मार्करची कारकीर्द

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण आपल्याला प्रथम होते. खेळाचा वृत्तांत फार तर करमणुकीच्या खात्यात जमा होतो. परंतु राज्यकर्ते आणि त्यांचे सेवक यांचे नाते दरबारी कागदांपेक्षा क्लबाच्या आवारात पुष्कळदा अधिक स्पष्ट दिसते. म्हणून पेशावरच्या हाशिम खानाची कारकीर्द येथे आपण पाहणार आहोत.

स्क्वॉश हा चार भिंतींतला खेळ. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील हॅरो येथील शाळेत तो उदयास आला आणि लष्करी अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानच्या छावण्यांत पोहोचला. साहेबाला चेंडू उचलणारी पोरे हवीत, तसाच सरावाला जोडीदार आणि गुण मोजायला माणूसही हवा. या माणसाला आपल्याकडील क्लबांत मार्कर म्हणत. तो साहेबाला खेळ शिकवी. पण दर्जाने नोकरच राही.

हाशिम पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचा. त्याचे जन्मवर्ष साधारणतः १९१४ धरतात. वडील अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीस होते. हाशिम लहान असतानाच ते अपघातात वारले. पोर चेंडू उचलू लागला आणि साहेब लोक घरी गेले की रिकाम्या कोर्टात अनवाणी खेळू लागला. १९४२ मध्ये तो हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचा शिक्षक झाला. १९४४ मध्ये मुंबईत अखिल हिंदुस्थानची स्पर्धा भरली. ती त्याने जिंकली आणि पुढली दोन वर्षे अजिंक्यपद राखले.

मग फाळणी झाली. भूमीबरोबर माणसेही वाटली गेली. मुंबईत हाशिमकडून हरलेला अब्दुल बारी भारतात राहिला, हाशिम पाकिस्तानात. १९५० मध्ये बारी भारताच्या वतीने ब्रिटिश ओपन स्पर्धेत उतरला आणि इजिप्तच्या महमूद करीमच्या खालोखाल दुसरा आला. ज्याला आपण हरवले तो जगात दुसरा ठरतो, तर आपण कोण, हा प्रश्न हाशिमला पडला असल्यास नवल नाही. १९५१ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाच्या पाठिंब्याने तो विलायतेस गेला. करीम सलग चार वर्षांचा विजेता होता. अंतिम सामना ९-५, ९-०, ९-० असा झाला; करीमला एकंदर पाचच गुण मिळाले. हाशिमचे वय तेव्हा सदतिशीच्या घरात होते!

१९५६ पर्यंत हे अजिंक्यपद त्याच्याकडेच राहिले. १९५७ मध्ये त्याच्या नात्यातल्या रोशन खानाने त्याला हरवले; १९५८ मध्ये त्याने ते सातव्यांदा जिंकले. पुढली चार वर्षे त्याचा भाऊ आझम विजेता होता. रोशनचा मुलगा जहांगीर तर १९८२ ते १९९१ अशी सलग दहा वर्षे जिंकला. हाशिमने उत्तरायुष्य अमेरिकेत डेट्रॉइट आणि डेन्व्हर येथे खेळ शिकविण्यात घालविले. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले.

या चरित्रातून 'गरिबीच माणूस घडविते' असे तात्पर्य काढण्याचा मोह होतो. आम्हांला तो घातक वाटतो. चेंडू उचलणारी पोरे प्रत्येक छावणीत होती. हाशिम एकच झाला. त्याचे कौशल्यही १९५१ मध्ये एकाएकी उपजले नव्हते. ते मुंबईत सात वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. उणीव होती ती प्रवासखर्चाची आणि कोणाच्या तरी विश्वासाची. नव्या राष्ट्राला जगापुढे नाव हवे झाले, तेव्हा मार्करला बोटीचे वा विमानाचे तिकीट मिळाले. तोवर खेळाडूच्या आयुष्यातली उमेदीची वर्षे सरून गेली होती.

हाशिमचे नाव इतिहासात राहिले, कारण उशिरा का होईना, त्याला दार उघडे मिळाले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांची नोंद कोणत्याच वहीत नाही. आपल्या गावच्या आखाड्यात, मैदानात आणि क्लबात आज चेंडू कोण उचलीत आहे, इकडे आपले लक्ष गेले तरी या इतिहासाचे वाचन सार्थकी लागले, असे आम्ही समजू.