राजे, संदेष्टे आणि इतिहासाचा न्याय

प्राचीन जगातील राजांचा इतिहास बहुधा राजांच्या आज्ञेनेच लिहिला गेला. अश्शूरच्या सम्राटांनी प्रासादांच्या भिंतींवर आणि शिलास्तंभांवर जे वृत्तांत कोरून ठेवले, त्यांत सम्राट कधी हरत नाही, कधी चुकत नाही आणि कधी पश्चात्तापही करीत नाही. आपल्याकडील ताम्रपटांतील व शिलालेखांतील प्रशस्तींची रीतही याहून फारशी निराळी नाही. परंतु त्याच प्राचीन जगात, मिसर आणि मेसोपोटेमिया यांच्या कात्रीत सापडलेल्या एका चिमुकल्या राष्ट्राने आपल्या राजांचा जो इतिहास जतन केला, तो मात्र या रीतीला सर्वस्वी सोडून आहे. त्यात राजांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या अपराधांनाच अधिक जागा मिळाली आहे. ते राष्ट्र म्हणजे इस्राएल, आणि तो इतिहास म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील शमुवेलाची आणि राजांची पुस्तके.

या इतिहासाचा सांगाडा प्रथम ध्यानात घ्यावा. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास दावीद राजा झाला. त्याचा पुत्र शलमोन याच्यामागे राज्य दुभंगले. उत्तरेस इस्राएल आणि दक्षिणेस यहूदा अशी दोन राज्ये झाली. उत्तरेचे राज्य अश्शूरने इ. स. पू. ७२२ च्या सुमारास बुडविले, तर दक्षिणेची राजधानी यरुशलेम बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जाळली. अभ्यासकांच्या सर्वसाधारण मतानुसार या पुस्तकांना आज दिसणारे रूप याच अखेरच्या काळात आले. मंदिर भस्मसात झालेले, राजा डोळे काढून बेड्यांत नेलेला, आणि लोक परक्या नदीकाठी निर्वासित, अशा अवस्थेत हे लेखन पुरे झाले. हे सारे का घडले, हा त्या लेखकांपुढील प्रश्न होता. शत्रू बलाढ्य होता, असे उत्तर देणे सोपे होते. त्यांनी ते दिले नाही. दोष आमचा होता, आमच्या थोरांत थोर राजांचा होता, असे त्यांनी लिहिले.

हा दोष राजाच्या तोंडावर सांगणारा मनुष्य म्हणजे संदेष्टा. हिब्रू भाषेत त्याला ‘नाबी’ म्हणतात. भविष्य वर्तविणारा ज्योतिषी असा त्याचा अर्थ घेणे अपुरे ठरेल. परमेश्वराशी या राष्ट्राने जो करार केला, त्याची राजाला आठवण देणारा तो पुरुष, आणि क्वचित स्त्री, असे म्हणणे अधिक योग्य होईल. राजेपण या लोकांत आले तेच मुळी एका इशाऱ्यासह. लोकांनी राजा मागितला तेव्हा वृद्ध शमुवेलाने त्यांना बजावले, की राजा तुमच्या पुत्रांना रथांपुढे धाववील, तुमची उत्तम शेते घेऊन आपल्या सेवकांना देईल आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा उकळील. गंमत अशी, की हा इशारा देणाऱ्या शमुवेलाचे स्वतःचे पुत्र न्यायासनावर बसून लाच खात होते, हेही त्याच प्रकरणात नमूद आहे. संदेष्ट्यालाही हा इतिहास सूट देत नाही.

दावीद हा या राष्ट्राचा लाडका राजा. १९९३ साली उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे एका अरामी शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात ‘दावीदाचे घराणे’ हा उल्लेख बहुतेक तज्ज्ञ वाचतात. बायबलबाहेर दाविदाचे नाव आढळल्याचा तो सर्वांत जुना पुरावा. पण या राजाविषयी त्याच्या लोकांनी काय लिहून ठेवले? सैन्य अम्मोनी लोकांशी लढत असता राजा यरुशलेमात मागे राहिला. उरीया नामक इमानी सैनिकाची पत्नी बथशेबा हिच्याशी त्याने व्यभिचार केला. ते लपविण्यासाठी उरीयाला रणातून बोलावून घरी जाण्याचा आग्रह केला. सोबती उघड्या मैदानात असता मी घरी सुखाने कसा निजू, असे म्हणून तो शिपाई राजवाड्याच्या दारातच झोपला. मग राजाने सेनापतीला पत्र लिहिले, की उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडी ठेवून मागे सरावे. ते पत्र नेण्याचे काम उरीयाकडेच दिले.

नाथान संदेष्टा दरबारात आला आणि त्याने एका श्रीमंताची गोष्ट सांगितली. कळपच्या कळप पदरी असता त्याने पाहुण्यासाठी एका गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली. दावीद संतापून उठला व त्या मनुष्याला देहदंडच योग्य, असे म्हणाला. तो मनुष्य राजाच आहे, असे नाथानाने सांगितले. येथे खरी नवलाची गोष्ट ही, की नाथानाचे मस्तक उडाले नाही. राजाने अपराध कबूल केला. दाविदाची निष्ठा त्याच्या निष्पापपणात नव्हती. ती या कबुलीत होती. याच काळाचा दुसरा एक इतिहास, इतिवृत्ताचा ग्रंथ, हे प्रकरण संपूर्णपणे गाळतो. परंतु या लोकांनी दोन्ही ग्रंथ एकाच पवित्र संग्रहात ठेवले. सोयीचा ठेवून गैरसोयीचा टाकला नाही.

या इतिहासाची मोजपट्टी किती वेगळी आहे, हे उत्तरेकडील अम्री व त्याचा पुत्र अहाब यांच्या वृत्तांतावरून उत्तम कळते. अम्रीने शोमरोनची टेकडी विकत घेऊन नवी राजधानी वसविली. मोआबचा राजा मेशा याच्या शिलालेखात, जो १८६८ साली उजेडात आला, अम्रीने आपला देश दीर्घकाळ गांजल्याची कबुली आहे. अश्शूरी लेखांत तर इस्राएलच्या राज्याला पिढ्यान्‌पिढ्या अम्रीचेच नाव लावलेले आढळते. अशा या कर्तबगार राजाची बोळवण बायबल अवघ्या सहा वचनांत करते. अहाबाचेही तसेच. इ. स. पू. ८५३ मध्ये कर्कर येथे तिसऱ्या शल्मनेसराला अडविणाऱ्या राजसंघात अहाबाचे २००० रथ आणि १०,००० पायदळ होते, असे शल्मनेसराचाच लेख सांगतो. बायबलात त्या लढाईचा उल्लेखच नाही. तेथे आहे ती एका द्राक्षमळ्याची हकिगत.

इज्रेलमध्ये राजवाड्यालगत नाबोथ नावाच्या मनुष्याचा मळा होता. राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करावयाची होती. त्याने अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथ म्हणाला, की वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. वतनावरील माणसाची माया काय असते, हे मराठी श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. अहाब भिंतीकडे तोंड करून, अन्न वर्ज्य करून पडून राहिला. कारण त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे राजालाही प्रजेची जमीन बळाने घेता येत नव्हती. त्याची सिदोनी राणी ईजबेल हिला असला राजा ठाऊक नव्हता. तिने राजमुद्रेची पत्रे गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथाला देवनिंदेच्या व राजद्रोहाच्या आरोपाखाली दगडमार करून मारविले. सारे कायदेशीर रीतीने पार पडले! गावातला एकही पंच बोलला नाही. अहाब मळ्याचा ताबा घेण्यास उतरला, तो समोर एलीया संदेष्टा उभा. खून करून वर वारसा बळकावलास काय, असा त्याचा सवाल होता. इतिहासकाराच्या लेखी २००० रथांपेक्षा हा एक सवाल मोठा ठरला.

याच एलीयाला आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून भजतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ ही संज्ञा मिळालेला हा मराठीभाषक यहुदी समाज. त्यातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलात गेले; तरी पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहूचे स्मरण करण्याची त्यांची चाल येथेही आणि तेथेही टिकून आहे. परंतु ज्याचे असे स्मरण होते, त्या एलीयाचाही एक दुर्बळ क्षण ग्रंथाने लपविलेला नाही. कर्मेल पर्वतावर बआल दैवताच्या ४५० पुजाऱ्यांना हरविणारा आणि त्यांचा वध करविणारा हा वीर, ईजबेलची धमकी येताच जिवाच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. निष्ठावंत असा मीच एकटा उरलो, अशी त्याची तक्रार होती. अजून ७००० जण शिल्लक आहेत, असे त्याला उत्तर मिळाले. आपणच तेवढे निष्ठावंत, हा भ्रमसुद्धा एक प्रमादच होय.

संदेष्ट्यांचे आणखी मोठे अपयश म्हणजे राजाच्या मनासारखे बोलणे. अहाबाने रामोथ-गिलादवर चाल करण्यापूर्वी ४०० संदेष्ट्यांना विचारले; सर्वांनी एकमुखाने जय सांगितला. मीखाया हा एकटा विरुद्ध बोलला. त्याला तुरुंगात टाकून मोजकी भाकर आणि मोजके पाणी देण्याचा हुकूम झाला. अहाब त्या लढाईतून जिवंत परतला नाही.

निष्ठेच्या नावाखाली होणारा अत्याचार हे आणखी अवघड प्रकरण. येहू नामक सेनानीने अलीशा संदेष्ट्याच्या प्रेरणेने बंड करून अहाबाचे घराणे निर्वंश केले; सत्तर राजपुत्रांची शिरे टोपल्यांतून इज्रेलला आणविली. राजांचे पुस्तक त्याच्या आवेशाची वाखाणणी करते. परंतु सुमारे शंभर वर्षांनी होशेय संदेष्ट्याने बजावले, की इज्रेलमधील त्याच रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला जाब द्यावा लागेल. एका संदेष्ट्याने आरंभिलेल्या कृत्याचा न्याय दुसऱ्या संदेष्ट्याने असा उलटा केला, आणि परंपरेने दोघांचेही शब्द राखले.

यहूदाच्या राजांत हिज्कीया आणि योशीया हे दोघे उत्तम गणले जातात. अश्शूरच्या स्वारीच्या धास्तीने हिज्कीयाने खडक फोडून पाचशे मीटरांहून लांब भुयार खोदविले आणि झऱ्याचे पाणी तटाच्या आत आणले. दोन बाजूंनी खोदणारे पाथरवट मध्यावर कसे भेटले, हे सांगणारा शिलालेख तेथे १८८० साली सापडला. त्यात राजाचे नावही नाही, केवळ कामकऱ्यांच्या हाका आहेत! इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने ४६ तटबंदीची गावे घेऊन हिज्कीयाला राजधानीत कोंडले, तरी यरुशलेम पडले नाही. असा हा धीराचा राजा. परंतु बाबिलोनचे वकील भेटीस येताच त्याने हौसेने सारे भांडार उघडून दाखविले. हे सर्व एके दिवशी बाबिलोनला जाईल, तुझे वंशजही जातील, असे यशयाने सांगितले. तेव्हा निदान माझ्या हयातीत तरी शांतता राहील, एवढ्यावर राजा समाधान मानून राहिला. पुढच्या पिढीचे संकट आपले नव्हे, असे मानणाऱ्या शासनकर्त्याचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

योशीयाच्या काळी, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. राजाने वस्त्रे फाडली व हुल्दा नामक संदेष्ट्रीचा कौल घेतला. तू शांततेने आपल्या कबरेत जाशील, असे तिने त्याला कळविले. योशीयाने मोठी धर्मसुधारणा केली, आणि इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरच्या राजाच्या हातून तो ऐन उमेदीत मारला गेला. उलट ज्याला सर्वांत दुष्ट ठरविले, त्या मनश्शेने ५५ वर्षे निर्वेध राज्य केले. आपल्या सिद्धांताला छेद देणाऱ्या या गोष्टी लेखकाला सहज वगळता आल्या असत्या. त्याने हुल्देचा शब्द आणि योशीयाचा मृत्यू एका प्रकरणाच्या अंतरावर तसेच राहू दिले.

शेवट यहोयाकीम आणि सिद्कीया यांच्या काळी झाला. यहोयाकीमने मजुरी बुडवून आपला प्रासाद उभारला, म्हणून यिर्मयाने त्याची निर्भर्त्सना केली. उरीया नावाच्याच दुसऱ्या एका संदेष्ट्याला या राजाने मिसरमधून पकडून आणून ठार केले. दाविदाचे औदार्य सर्वच राजांपाशी नव्हते. यिर्मयाचे शब्द बारूख लेखकाने गुंडाळीवर लिहिले होते. थंडीचे दिवस, राजा शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून होत, तो राजा चाकूने ते कापून विस्तवात टाकी. सारी गुंडाळी जळाली. यिर्मयाने दुसरी घेऊन ती पुन्हा सांगितली, आणि तीत आणखी भर घातली.

सिद्कीया दुष्ट नव्हता. तो भित्रा होता. दिवसा सरदारांच्या दबावाखाली त्याने यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत टाकू दिले आणि मागाहून, एका कूशी सेवकाने रदबदली करताच, वर काढविले. पुढे गुप्तपणे त्याचाच सल्ला विचारला. पण सल्ला मानण्याचे धैर्य त्याला झाले नाही. या भेटीत काय बोलणे झाले ते सरदारांना सांगू नकोस, अशी विनवणी त्याने केली, आणि यिर्मयानेही अर्धे सत्य सांगून वेळ निभावली. काही काळातच नगर पडले.

हा इतिहास निःपक्षपाती आहे, असे मात्र कोणी समजू नये. तो यरुशलेमच्या दृष्टीने लिहिलेला आहे. उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजाला त्याने एकाच ठरावीक वाक्यात दोषी ठरविले आहे, आणि अम्रीसारख्यांवर अन्यायही केला आहे. तरीही एक गोष्ट निर्विवाद उरते. अश्शूरची साम्राज्ये गेली आणि त्यांचे वृत्तांत शतकानुशतके मातीखाली पडून राहिले. ते वाचण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. या चिमुकल्या राष्ट्राचेही राज्य गेले. परंतु राजाने जाळलेली गुंडाळी लोकांनी जपली, कारण तिच्यात स्वतःची स्तुती नव्हती, स्वतःचा न्याय होता. राज्य गमावलेल्या लोकांनी बरोबर नेले ते राजांचे वैभव नव्हे. राजांना विचारलेले प्रश्न होते. त्या प्रश्नांच्या आधारेच ते राष्ट्र म्हणून जगले.