जाफना येथील वृत्तपत्रे व प्रसारण

जाफना (तमिळ: याळ्प्पाणम) हे श्रीलंकेच्या उत्तर प्रांताचे राजधानीचे शहर असून तेथील तमिळ पत्रकारितेची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनऱ्यांनी इ.स. १८४१ मध्ये 'उदयतारकै' हे तमिळ-इंग्रजी नियतकालिक या भागातून सुरू केले. इ.स. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या 'ईळनाडु' या वृत्तपत्राचे कार्यालय इ.स. १९८१ मध्ये, जाफना सार्वजनिक ग्रंथालयाच्या जळिताच्या वेळीच, जाळण्यात आले. ग्रंथालयाच्या तुलनेत या घटनेचा उल्लेख क्वचितच होतो.

'उदयन' हे दैनिक इ.स. १९८५ पासून निघते. यादवी युद्धाच्या काळात ते शहरातील प्रमुख दैनिक राहिले. २ मे २००६ रोजी बंदूकधाऱ्यांनी त्याच्या कार्यालयात घुसून दोन कर्मचाऱ्यांना ठार केले. दुसऱ्याच दिवशी युनेस्कोच्या जागतिक पत्रकारिता स्वातंत्र्य दिनाचा मुख्य कार्यक्रम कोलंबोत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ए-९ महामार्ग बंद झाल्याने कागदाची टंचाई निर्माण झाली. युद्ध संपल्यानंतरही, एप्रिल २०१३ मध्ये, या दैनिकाच्या छापखान्याला आग लावण्यात आली.

१९९० च्या दशकात शहराचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित होता. तेव्हा रहिवासी सायकलच्या डायनामोवर रेडिओ चालवून बीबीसीच्या तमिळ सेवेच्या बातम्या ऐकत. बीबीसीचे स्थानिक वार्ताहर मयिल्वागनम निमलराजन यांची १९ ऑक्टोबर २००० रोजी संचारबंदी असताना राहत्या घरी हत्या झाली. ते तमिळ व सिंहली अशा दोन्ही भाषांतील माध्यमांना वृत्ते पाठवीत असत.