सांध्यातला उजेड

कुळगावात राहणारे आम्ही बदलापूर लोकलमध्ये ज्या फोनमध्ये डोकं घालून बसतो, त्याचा पडदा ओलेड असेल, तर त्याचं मूळ एका सांध्यात आहे.

सेंद्रिय पदार्थावर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटतो, पण आपल्या रिकाम्या जागेला चिकटूनच राहतो. त्यामुळे एकाच थराचे सौर घट जेमतेम चालत. १९८६ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग यांनी दोन थर एकमेकांवर चढवले. एक कॉपर थॅलोसायनिनचा, म्हणजे छपाईच्या निळ्या शाईतल्या रंगद्रव्याचा. दुसरा पेरिलीनच्या संयुगाचा. शेजारच्या थरात ऊर्जेची पायरी खाली असल्याने इलेक्ट्रॉन तिकडे उतरला आणि जोडी फुटली. सुमारे १ टक्का ऊन विजेत बदललं.

पुढच्याच वर्षी त्यांनी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्यासोबत उलटा खेळ मांडला. वेगळ्या दोन थरांतून आलेले विरुद्ध भार सांध्यापाशी भेटले आणि १० व्होल्टच्या आत हिरवा उजेड पडला. आजच्या ओलेडची सुरुवात तीच.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन मॉड्यूलच्या सांध्याला घाबरतो, कारण बग तिथेच निघतात. इथे मात्र एकट्या पदार्थाला न जमलेलं काम सांध्यानेच केलं.