कसारा घाट आणि गिअरचा दोष

मुंबईहून नाशिकला यायचे तर सह्याद्री चढावाच लागतो, आणि ही चढण पहिल्यापासून यंत्रांची परीक्षा घेत आली आहे. १८६५ साली थळ घाटातून, म्हणजे या कसारा घाटातून, रेल्वे सुरू झाली. ३७ फुटांमागे एक फूट अशा चढावर गाडीला जादा इंजिनांनी मागून रेटावे लागते, म्हणून कसाऱ्याला बँकर जोडण्याची रीत आजही आहे. रस्त्यावरच्या मोटारीला असा आधार कुठला? जुन्या विलिज जीपच्या पहिल्या गिअरला दात आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश नव्हता. घाटात वेग पडला की क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोका, पुन्हा क्लच आणि मग गिअर, असा ‘डबल क्लच’ मारावा लागे. चुकला की गिअरचे दात करकरत. त्या काळी गिअरबॉक्स गेला की ‘ड्रायव्हर कच्चा’ म्हणत; ते बोलणे कठोर असले तरी निराधार नव्हते, कारण दात जुळवणे खरोखरच त्याच्या हातापायांत होते.

आज नव्या गाडीच्या मालकालाही तेच ऐकवले जाते, ते मात्र मला अन्यायाचे वाटते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, साध्या घरांच्या आवाक्यात आणली. गिअरबॉक्स नेहमीचाच, पण क्लचचे पेडल गेले आणि ते काम संगणकाच्या हुकमावर चालू लागले. पुढे दोन क्लचचे गिअरबॉक्सही रुळले. तक्रारी ओळखीच्या आहेत: कमी वेगात गाडी झटके मारते, चढावर गिअर बदलताना ओढ सोडते. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर क्लच घासून तापणारच, हे कंपन्यांचे उत्तर खरे आहे. पण क्लच कधी धरायचा नि कधी सोडायचा, हे आता कंपनीचा प्रोग्राम ठरवतो. पूर्वी पेडलचा लाग बदलला की पायालाच कळे. ते पेडल ज्याने काढले, त्यानेच वेळीच इशारा द्यायला हवा. शिवाय दोष चालकांचाच असता, तर २०१३ साली फोक्सवॅगनला दोन क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सपायी एकट्या चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या नसत्या.

खरा फरक पडला तो पुराव्यात. पूर्वी मिस्त्री गिअरबॉक्स उतरवून झिजलेले चाक मालकाच्या हातावर ठेवी. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या नाशिकला कसबी हातांची आजही वाण नाही, पण दोषाची नोंद आता गाडीतल्या संगणकात असते आणि जॉबकार्डावर ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ एवढीच ओळ येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या ११०अ कलमाने मालकांच्या तक्रारींवरून गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. मात्र दोष पर्यावरणाला, गाडीतल्या किंवा रस्त्यावरच्या माणसांना धोक्याचा हवा. झटके ही नुसती गैरसोय, असे कोणी म्हणेल. मागे भरलेला ट्रक असताना घाटाच्या वळणावर गाडीची ओढ गेली, तर त्याला गैरसोय म्हणता येणार नाही. हा धोका सिद्ध करायला मालकाजवळ कागद हवा, म्हणून प्रत्येक जॉबकार्डासोबत संगणकाने नोंदवलेल्या फॉल्ट कोडची छापील प्रत त्याला न मागता मिळाली पाहिजे.