साखळी गेली, खोली राहिली

इंग्लंडमधल्या लिंकनच्या मनोरुग्णालयात 1829 साली एक रुग्ण रात्रभर पलंगाला बांधलेला होता. अंगावरच्या बंधनजाकिटानेच गळा आवळला जाऊन तो मेला. त्यानंतर तिथे बांधण्याच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद होऊ लागली. एडवर्ड चार्ल्सवर्थ आणि रॉबर्ट गार्डिनर हिल या डॉक्टरांनी ते प्रसंग कमी करत आणले आणि 1838 मध्ये बांधणे पूर्ण थांबले. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या हॅनवेल इथे जॉन कोनोलींनी सुमारे आठशे रुग्णांच्या संस्थेतून कातडी पट्टे आणि बांधायच्या खुर्च्या हद्दपार केल्या. मनोरुग्णांच्या इतिहासातला हा खरोखरच उजळ काळ. पण खवळलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न कोनोलींपुढे उरलाच. त्यांचे उत्तर होते भिंतींना गाद्या लावलेली खोली. चिडलेल्या मेंदूला आवाज, उजेड आणि माणसे यांपासून दूर ठेवणे हा उपचारच आहे, अशी त्यांची मांडणी होती. ती प्रामाणिक होती, याबद्दल मला शंका नाही.

माझे म्हणणे असे की, या प्रामाणिकपणामुळेच एकट्याला कोंडण्याची रीत टिकली. साखळी क्रूर दिसते. खोलीवर मात्र सुधारकाचा हात फिरलेला होता, म्हणून तिच्याकडून कुणी पुरावा मागितला नाही. 1845 च्या इंग्रजी कायद्याने कोंडल्याची नोंद ठेवायला लावली, पण कोंडल्याने रुग्ण बरा होतो का, हे तपासायचे राहूनच गेले. तब्बल दीड शतकानंतर, 2000 साली, सेलास आणि फेंटन यांनी वैद्यकीय चाचण्यांचा कसून धांडोळा घेतला. गंभीर मनोविकारात कोंडण्याचा वा बांधण्याचा फायदा दाखवणारी एकही नियंत्रित चाचणी त्यांना सापडली नाही. एखादे औषध अशा अवस्थेत वॉर्डात दीडशे वर्षे टिकले असते का?

यावर वॉर्डातल्या परिचारिकांचा आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. रात्रपाळीला दोघी, समोर खुर्ची उगारलेला माणूस, शेजारी घाबरलेले इतर रुग्ण, अशा वेळी दार लावू नये तर काय करावे? त्या क्षणी त्यांच्याजवळ खरेच दुसरा उपाय नसतो. पण तो क्षण कसा येतो, हे पाहायला हवे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या सरकारी मनोरुग्णालयांत 1990 ते 2000 या दहा वर्षांत कोंडण्याचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे 4.2 वरून 0.3 वर आले आणि सरासरी वेळ 10.8 तासांवरून 1.3 तासांवर. याच काळात बांधणेही घटले, म्हणजे एक सोडून दुसरे धरले असे झाले नाही. नवी औषधे हे एक कारण होते, पण एकमेव नव्हे: वरिष्ठांचा आग्रह, प्रसंग हाताळणारी प्रशिक्षित पथके आणि आकडे उघड करणे यांचाही त्यात वाटा होता. ही रुग्णालये बहुतांशी दीर्घकाळ राहणाऱ्यांची होती, तीव्र अवस्थेतल्या रुग्णांच्या वॉर्डाला त्यांचा दाखला कसा लागू करायचा, असे कुणी विचारले तर ते रास्त आहे. म्हणून इंग्लंडमधल्या 15 रुग्णालयांच्या 31 तीव्र वॉर्डांवरचा ‘सेफवॉर्ड्स’ प्रयोग पाहावा. कर्मचाऱ्यांच्या बोलण्यावागण्यात ठरवून बदल केल्यावर तिथे सक्तीचे उपाय सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

तरीही नुसत्या बंदीवर माझा भरवसा नाही. रिओ द जानेरोमधल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले, खोलीत ठेवलेल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना पुढे बांधावे लागले नाही. म्हणजे बांधणे हाच पर्याय असेल, तर खोली कमी कडक ठरू शकते. भारताने 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात नेमके उलटे केले: कोंडण्याला पूर्ण मनाई, आणि बांधणे मात्र तातडीचा धोका टाळण्याचा तोच एक मार्ग असेल तरच. हॅनवेलने बांधणे सोडून खोली धरली. आपण खोली सोडून, कर्मचारी तेवढेच ठेवून, बांधण्याकडे वळण्याचा धोका आहे. त्याच कायद्यानुसार बांधल्याच्या प्रत्येक प्रसंगाचा अहवाल दरमहा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जायला हवा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या रुग्णालयांचे हे आकडे, रुग्णाचे नाव न देता आणि प्रत्येक पाळीला किती कर्मचारी होते त्यासह, लोकांसमोर यायला हवेत. लिंकनमध्ये मोजणे आधी सुरू झाले, बांधणे नंतर थांबले.