व्रान्येस, ल्युबोमिर
(३ ऑक्टोबर १९७३– ). स्वीडिश हँडबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म गोथेनबर्ग येथे. दोन मीटरच्या आसपास उंचीचे बचावपटू सर्रास दिसणाऱ्या या खेळात त्यांची उंची अवघी १६६ सेंमी. होती. तरीही १९९९ च्या जगज्जेत्या आणि २००० व २००२ च्या युरोपविजेत्या स्वीडिश संघांत ते होते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाला रौप्यपदक मिळाले. बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू मारणे त्यांना अवघड होते. त्यामुळे मधल्या जागेवरून चाल रचणे, दोन बचावपटूंमधली फट हेरणे आणि ती बुजण्याआधी पास देणे यांवर त्यांचा भर राहिला. त्यांच्या प्रशिक्षणाचा पाया या खेळशैलीतच घातला गेला, असे मानण्यास आधार आहे.

२०१० मध्ये त्यांनी जर्मनीतील फ्लेन्सबुर्ग क्लबची सूत्रे घेतली. २०१४ मध्ये कोलोन येथे कील क्लबचा ३०–२८ असा पराभव करून फ्लेन्सबुर्गने चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१५ मध्ये जर्मन चषकही मिळवला. हे श्रेय मुळातच बलाढ्य असलेल्या क्लबचे, असा आक्षेप घेता येतो. हंगेरीतील वेस्प्रेम क्लबने २०१८ मध्ये त्यांना प्रशिक्षकपदावरून दूर केले, ही गोष्ट त्याला पुष्टी देते. मात्र स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय संघाची धुरा हाती घेतल्यावर काही आठवड्यांतच तो संघ २०२० च्या युरोपीय स्पर्धेत चौथा आला. म्हणून आक्षेप अंशतःच टिकतो: क्लबच्या बळाने यश वाढले, पण खेळ वाचण्याची हातोटी त्यांची स्वतःचीच होती.